सांध्याला हात लावू नका

आमच्या वळ गावात स्लॅब म्हणजे घरावरचा. पावसाच्या आधी स्लॅब भरला की बाप रात्री नीट झोपतो. त्यामुळे आज तीन स्लॅब पॉलिश केले असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं, तेव्हा आजीने वर छताकडे बघितलं. मग मी तिला टेबलावरची डबी दाखवली. तळहाताएवढी, कडक, पारदर्शक. आत पत्त्यांच्या कॅटातल्या पानाएवढं एक कार्ड, त्यावर आग ओकणारा नारिंगी ड्रॅगन. वरच्या पट्टीवर कार्डाचं नाव, वर्ष, दर्जाचा आकडा आणि एक लांबलचक नंबर.

आजी म्हणाली, "उघडून दाव."

उघडता येत नाही, उघडली की किंमत गेली, असं मी सांगितलं.

"मंग आतला खरा हाय ते कसा कलतं?"

त्या दिवशी मी हसलो होतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला कळायला एक वर्ष आणि दुसऱ्याचे अडतीस हजार रुपये लागले.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉनचं, क्रिकेटचं, फुटबॉलचं एखादं कार्ड तपासायला पाठवायचं. तिथे लोक ते खरं आहे का, कोपरे शाबूत आहेत का, छपाई मधोमध आहे का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का हे बघतात, एक ते दहामधला दर्जा देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. ही पद्धत आधी नाण्यांसाठी आली. अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस सुरू झाली, आणि कार्डांसाठी पीएसए १९९१ साली. हेतू साधा होता. विकणारा एका शहरात, घेणारा दुसऱ्या शहरात, वस्तू हातात न घेता व्यवहार व्हावा. डबी म्हणजे तिसऱ्या माणसाने दिलेला शब्द.

न पाहता विकत घेणं ही गोष्ट वळच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमची भातशेती गेली ती त्यावरच. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भिवंडी तालुक्यातल्या गावांत गोदामं आली. जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, गोदामं उलट वाढली. अंजूरफाट्यापासून आत वळलात की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. तुमच्या फोनवर तुम्ही बोट दाबता आणि आमच्याकडे कुणीतरी रॅकवरून खोका काढतो. मी त्यातल्याच एका गोदामात परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसतो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, काम सगळीकडे तेच आहे.

काम असं: गिऱ्हाईकाने परत केलेला खोका उघडला गेला होता का, हे ओळखायचं. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी आलेली मी पाहिली आहे. ब्रँडेड बुटांच्या खोक्यात वापरून झिजलेली चप्पल पाहिली आहे. ओळखायच्या खुणा आहेत. दुसऱ्यांदा चिकटवलेल्या टेपखाली पुठ्ठ्याचे तंतू उपटलेले दिसतात. प्लास्टिकचं आवरण घरी गरम हवेने परत बसवलं असेल तर कोपऱ्यावर चुण्या पडतात. सील नखाने उचललेलं असेल तर त्याखाली धूळ जाते, आणि आमच्या रस्त्यांवर धुळीची कमी नाही. आठ तास मी चार बाजू बघतो. मधला भाग बघत नाही. लबाडी कडेला सापडते.

आणि संध्याकाळी घरी येऊन मी पैसे घेऊन कडा चमकवून देत होतो. हे दोन उद्योग एकाच माणसाचे आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पॉलिशचा धंदा सुरू झाला तो माझ्याच डब्यांमुळे. माझ्याकडे पाच आहेत, सगळ्या बेताच्या. लहानपणी चिप्सच्या पाकिटातले टाझो आणि डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड जमवलेल्या पोराला पगार लागल्यावर जे होतं, ते मला झालं. डब्यांवर ओरखडे पडायचे. ते का पडतात हे आधी कळलं नाही. मी रोज कोरड्या फडक्याने पुसायचो, तेच कारण होतं. आमच्या घरात ट्रकांनी उडवलेली जी धूळ येते तिच्यात बारीक खडी असते. कोरडं फडकं फिरवलं की ती खडी प्लास्टिकवर घासली जाते. म्हणून आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग किंचित ओलसर मऊ मायक्रोफायबर, तेही दाब न देता. डबी पाण्याखाली धरायची नाही. ती बंद असली तरी पाणबंद नसते, सांध्यातून ओल आत जाते आणि मग कार्ड गेलं. स्टिकरचा चिकटा काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावणाऱ्या दोघांच्या डब्या मी पाहिल्या आहेत. प्लास्टिक दुधासारखं झालं होतं, त्यावर इलाज नाही.

ओरखडा हलका असेल तर प्लास्टिकचं पॉलिश थेंबभर घेऊन गोल गोल फिरवायचं. खोल असेल तर दोन हजार, मग तीन हजार नंबरचा पाणकागद ओला करून, मग पॉलिश. यंत्राचं चाक वापरायचं तर कमी वेगावर आणि एका जागी न थांबता, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून लाट येते. टूथपेस्टने पण होतं. पण टूथपेस्टचे कण सारखे नसतात, दहा ओरखडे जाऊन शंभर बारीक येतात. मी व्हिडिओ टाकले. काळपट डबी, पॉलिश, फडकं बाजूला, आणि ड्रॅगन लखलखीत. लोकांना अशा व्हिडिओंनी झोप लागते म्हणे. कुरियरने डब्या येऊ लागल्या. ठाणे, पुणे, नाशिक, एक तर बेळगावहून. डबीमागे दोनशे ते चारशे रुपये.

आणि इथे माझं पहिलं भांडण आहे, ते तुमच्याशीच, म्हणजे विकत घेणाऱ्यांशी. कार्ड डबीच्या आत सुरक्षित आहे. त्याचा दर्जा डबीवरच्या ओरखड्याने बदलत नाही. तरी ग्रुपवर विक्रीचा फोटो आला की पहिला प्रश्न "केस मिंट आहे का?" डबीवर दोन रेघा दिसल्या की "भावा, दोन हजार कमी कर." ज्या वस्तूचं कामच ओरखडे अंगावर घेणं आहे, तिच्यावर ओरखडे दिसले म्हणून दंड! आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक पाच वर्षं काढत नाहीत. ते फाटलं तर कुणी रिमोट फुकट गेला म्हणत नाही. तुम्ही म्हणता. तुमच्या या हट्टानेच माझ्यासारख्याचा धंदा उभा राहिला, आणि आणखी एका प्रकारच्या माणसाला आडोसा मिळाला.

तो माणूस कसा काम करतो ते समजून घ्या. डबीचे दोन अर्धे भाग असतात. कडेला बारीक उंचवटा असतो. यंत्र सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, त्या घर्षणाने उंचवटा वितळतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. डिंक नाही, स्क्रू नाही. म्हणूनच उघडताना खूण राहते. पात्याने सांधा फाकवला की प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढुरकं पडतं, धुकं आल्यासारखं. परत चिकटवायला इन्स्टंट ग्लू लावला तर त्याची वाफ बाजूला पांढरी बसते. कधी कडेचा कपचा उडतो. आतलं खरं कार्ड काढून खोटं किंवा हलकं कार्ड बसवणाऱ्याला हे सगळं टाळता येत नाही. पट्टी खरी, नंबर खरा, डबी खरी. कंपनीच्या साइटवर नंबर टाका, सगळं जुळतं. खोटं फक्त मधलं कार्ड. आणि ते सांगणारा एकच साक्षीदार म्हणजे ती पांढरी कड.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक डबी आली. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला चॅरिझार्ड, दर्जा सात. पुढून बरे ओरखडे होते. डाव्या कडेला दीड-दोन इंच पांढुरकं होतं. मी फोन करून विचारलं. "दादा, टेबलावरून पडली होती," तो म्हणाला. पडल्यानेही पांढरं पडतं, हे खरं आहे. मी मान्य केलं. खरं सांगायचं तर मला मान्य करायचंच होतं, कारण ते काम अवघड होतं आणि मला जमतंय का ते बघायचं होतं. दोन संध्याकाळी लागल्या. कड काचेसारखी झाली. खालच्या कोपऱ्यावर तिळाएवढा खड्डा राहिला, तो काढला असता तर प्लास्टिक फार झिजलं असतं. चारशे रुपये घेतले. पुढच्या बाजूचा आधीचा आणि नंतरचा फोटो व्हिडिओत टाकला.

अडीच महिन्यांनी डोंबिवलीहून एक मुलगा आला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. "दादा, तुमचे व्हिडिओ बघतो. डबीत कार्ड जरा हलतंय, काही करता येईल का?" त्याने फडक्यात गुंडाळलेली डबी काढली. मी आधी कोपरा बघितला. तीळ होता.

त्याला मी चहा विचारला. भिंग लावून छपाईचे ठिपके बघितले. दुसरं एक खरं कार्ड शेजारी ठेवून बघितलं. अक्षरं जाड होती, ठिपक्यांची रचनाच वेगळी, चमक भलत्या नक्षीची. मी विचारलं, घेताना काय बघितलंस? त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. नंबर साइटवर तपासला. पट्टीवरची छपाई बघितली. "आणि कडा बघितल्या, चारही. पांढरं काहीच नव्हतं. मी टॉर्च लावून बघितलं, दादा."

म्हणजे त्याने सगळं बरोबर केलं होतं. ज्या एका जागी सत्य लिहिलेलं होतं तिथे तो टॉर्च घेऊन पोचला होता, आणि त्याच्या अडीच महिने आधी मी तिथे पोचून ते पुसलं होतं.

अडतीस हजार. त्यातले वीस आईच्या भिशीचे. त्या दिवशी मी त्याला सांगितलं नाही. "ठेवून जा, बघतो," म्हणालो. तीन दिवसांनी फोन केला. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद होता. माझ्याकडे पुरावा म्हणून काय होतं? पुढच्या बाजूचे दोन फोटो. कडेचा एकही नाही, कारण कडेच्या फोटोला लाइक मिळत नाहीत. मी महिन्याला दोन हजार रुपये त्याला देतो. तो नको म्हणाला नाही, आणि ते मला बरं वाटलं.

आता मी जे म्हणतो त्याला ग्रुपवर तीन उत्तरं येतात.

पहिलं उत्तर, "प्लास्टिकच ते, एवढं काय?" ज्याला कार्ड कपाटात ठेवून बघायचं आहे त्याने हे म्हणावं. त्याने खुशाल डबी फोडून कार्ड अल्बममध्ये लावावं, माझा त्याला सलाम आहे. पण जो डबीवरच्या आकड्यासाठी चौपट पैसे मोजतो आणि मागतो, त्याला हे म्हणायचा अधिकार नाही.

दुसरं उत्तर, "मग नवीन डबीत घालून घ्या, कंपन्या देतात की." देतात. पण भारतातून कार्ड अमेरिकेला पाठवायचं, विमा, जाण्यायेण्याचा खर्च, परत येताना कस्टम, आणि महिनोन्महिने वाट. दीड-दोन हजाराच्या कार्डाला हा सल्ला म्हणजे सायकल पंक्चर झाली तर नवीन घ्या. शिवाय नव्या डबीने सगळं शुद्ध होतं हाही भ्रमच आहे. पीएसएने दर्जा दिलेलं पहिलं कार्ड, नंबर एक, हे अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटसोबत काढलेल्या संचातलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. दर्जा आठ. २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापून नीट केल्या होत्या. सगळ्या डब्यांमधली पहिली डबी, आणि आत कडा कापलेलं कार्ड. पुन्हा कडाच.

नुसत्या बंद खोक्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचं तर विचारूच नका. लोगन पॉल या यूट्यूबरने पोकेमॉनच्या जुन्या सीलबंद पाकिटांची पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. २०२२ च्या सुरुवातीला ती उघडली तेव्हा आत जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची कार्डं निघाली. ती पेटीसुद्धा तपासून खरी ठरवलेली होती. आमच्या रिटर्नच्या टेबलावर हे कुणी ऐकलं असतं तर जेवणाचा डबाही खाली ठेवला नसता. आमच्याकडे हे मंगळवारी दुपारी होतं, आकडा तेवढा लहान असतो.

तिसरं उत्तर शुद्धतावाद्यांचं: डबीला कुणी हातच लावू नये. हे मला पटत नाही, आणि धंदा माझा आहे म्हणून पटत नाही असं समजू नका. आजीकडे पितळेची भांडी आहेत. कल्हई उडाली की ती पूर्वी कल्हईवाल्याला द्यायची, तो नवसागर टाकून कथील फिरवायचा आणि भांडं आतून चांदीसारखं. त्यात फसवणूक नव्हती. कल्हई झिजते, परत करतात, हे अख्ख्या गावाला माहीत. पण भोक पडलेल्या भांड्यावर कुणी नुसती कल्हई फिरवून विकलं तर? मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "भोकाला डाग द्यावा लागतो. आनि डाग दिसतो." झाळलेला भाग दिसतो, दिसू द्यायचा असतो, आणि असं भांडं घेणारा जरा भाव पाडून घेतो.

डबीचा दर्शनी भाग कल्हईसारखा आहे. तो झिजतो, त्याला पॉलिश करा. तिथे पुसलं जातं ते वापरण्याचं, प्रवासाचं, माझ्या मूर्खासारख्या कोरड्या फडक्याचं. सांधा वेगळा. तिथलं पांढरेपण पडल्याने आलं की पात्याने, हे मला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. कळत नाही म्हणूनच ते तसंच राहिलं पाहिजे. घेणाऱ्याने बघावं, शंका घ्यावी, विचारावं, नाही पटलं तर सोडून द्यावं. शंका घ्यायचा त्याचा हक्क चारशे रुपयांत विकायचा मला कुणी दिला?

म्हणून मी आता दर्शनी दोन बाजूंपलीकडे जात नाही. काम सुरू करण्याआधी कडेला कागदी टेप लावतो. त्याने पॉलिशची पांढरी भुकटीही सांध्यात जात नाही. चारही कडांचे फोटो काढतो, आधीचे आणि नंतरचे, पट्टीवरच्या नंबरासकट, आणि ते सगळ्यांना दिसतील असे टाकतो. ज्याला हे चालत नाही त्याची डबी परत. माझं काम निम्म्याहून कमी झालं. एकाने लिहिलं, "जास्त शहाणा झालास." एकाने दुसऱ्या पॉलिशवाल्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात चाक सरळ कडेवर फिरत होतं आणि खाली शेकडो लोक हृदयं टाकत होते. त्या व्हिडिओखाली मी विचारलं: ही कड आधी कशी दिसत होती? कमेंट काढून टाकली गेली.

तुम्ही हा व्हिडिओ बघता तेव्हा तेच विचारा. विकत घेताना "केस मिंट आहे का" हे विचारणं बंद करा. "पॉलिश केली आहे का, कुठे, कडांचे आधीचे फोटो दाखवा" असं विचारा. जुनी डबी, पुढून ओरखडे, आणि कडा मात्र काचेसारख्या असतील तर सावध व्हा. आणि विकणाऱ्यांनो, पॉलिश केलं असेल तर जाहिरातीत लिहा. तीन शब्द लागतात.

ओरखडे पडूच नयेत म्हणून करायच्या गोष्टी स्वस्त आहेत. मापाची पातळ पिशवी, डबीला डबी घासणार नाही असं फोमचे कप्पे असलेलं खोकं, थेट उन्हापासून दूर. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या आमच्याकडे केराच्या डब्यात ढिगाने पडतात, पण मूठभर टाकू नका, फार कोरडी हवाही चमकीच्या कार्डांना वाकवते. कुरियर करताना डबी खोक्यात हलणार नाही इतकं भरा. अंजूरफाट्याचे खड्डे मी रोज पार करतो, तुमच्या डबीला एकदा करावे लागले तरी पुरे.

परवा एक पाकीट आलं, कोल्हापूरहून. पिकाचू, दर्जा नऊ, उजवी कड वरून खालपर्यंत पांढरी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "पुढचं राहू दे, फक्त साइड करा, पाहिजे ते पैसे देतो." मी कडेचे फोटो काढले, नंबरासकट टाकले, आणि डबी त्याच पाकिटात घालून परत पाठवली. पाकिटाची टेप मी उघडली होती, म्हणून दुसरी टेप थोडी तिरकी लावली, म्हणजे घेणाऱ्याला कळेल.